ॲपची चाचणी आणि अंध वापरकर्त्याचे स्थान

बँकेत खाते उघडताना ग्राहकाने कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करून आपण जिवंत व्यक्ती असल्याची खातरजमा करून द्यावी, या पद्धतीला आव्हान देणाऱ्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. ॲसिड हल्ल्यामुळे चेहऱ्याला व डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या व्यक्ती आणि एक पूर्णतः अंध नागरिक यांनी या याचिका दाखल केल्या होत्या. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले आणि एकूण २० निर्देश दिले. पापण्यांच्या अटीला पर्याय देणे आणि कागदोपत्री केवायसीची सोय कायम ठेवणे, या निर्देशांची स्वाभाविकपणेच अधिक चर्चा झाली. त्यांच्याच पंक्तीतील आणखी एक निर्देश मात्र काहीसा मागे राहिला. कोणतेही ॲप अथवा संकेतस्थळ घडवताना, किंवा त्यात नवी सुविधा आणताना, वापरकर्ता स्वीकृती चाचणीच्या टप्प्यावर अंध व्यक्तींना सहभागी करून घ्यावे, असा तो निर्देश आहे. पापण्यांच्या निर्देशाने एक अडथळा दूर होतो. हा निर्देश अमलात आला तर असे अनेक अडथळे निर्माण होण्यापूर्वीच लक्षात येतील.

ॲपची निर्मिती ही टप्प्याटप्प्याने होणारी प्रक्रिया आहे. आवश्यकता ठरतात, पडद्याचे आराखडे तयार होतात, आज्ञावली लिहिली जाते. तिचा प्रत्येक लहान घटक स्वतंत्रपणे तपासला जातो, मग सर्व घटक जोडून पाहिले जातात. एकाच वेळी लाखो लोक आले तर प्रणाली तग धरेल काय, तिच्यात घुसखोरी शक्य आहे काय, याच्याही चाचण्या होतात. अखेरच्या टप्प्यावर ज्यांनी ते वापरायचे आहे त्यांच्या हाती ॲप दिले जाते आणि त्यांनी मान्यता दिल्यावर ते सर्वांसाठी खुले होते. हीच स्वीकृती चाचणी. व्यवहारात मात्र हा वापरकर्ता बहुधा काम देणाऱ्या कार्यालयातीलच कोणी असतो. त्याच्याकडे चांगला फोन असतो, जोडणी वेगवान असते आणि पडदा त्याला दिसत असतो. त्याने दिलेली मान्यता प्रामाणिक असली तरी ती त्याच्यापुरतीच असते.

अंध व्यक्ती स्मार्टफोन वापरते ती स्क्रीन रीडर या प्रणालीच्या साहाय्याने. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर या नावांनी ती २००९ पासून उपलब्ध आहे. बोट पडद्यावर फिरत जाते तसतसा त्याखालील घटक मोठ्याने वाचला जातो. अर्थात वाचता यावे असे नाव त्या घटकाला दिलेले असेल तरच. निर्मात्याने बटणावर केवळ बाणाचे चित्र ठेवले आणि आज्ञावलीत त्याचे नाव लिहिले नाही, तर ऐकू येते ते एवढेच की येथे नाव नसलेले एक बटण आहे. ते पैसे पाठवण्याचे आहे की व्यवहार रद्द करण्याचे, हे दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही. हे नाव लिहिण्यास फार तर एक ओळ लागते. ती ओळ राहून जाते, कारण ती नसल्याचे डोळस परीक्षकाला कधीच जाणवत नाही.

अशा अडचणी इतरही आहेत. चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखण्यास सांगणारा कॅप्चा अंध व्यक्तीसाठी भिंतीसारखा असतो. आपोआप सरकणाऱ्या जाहिराती वाचनाचा क्रम तोडतात. अर्ध्या मिनिटात टाकावयाचा ओटीपी संदेशातून ऐकून, पुन्हा ॲपमध्ये येऊन, योग्य रकाना शोधून भरेपर्यंत मुदत संपते. पिन टाकण्याचा अंकफलक एकच चित्र म्हणून रेखाटला असेल तर तो संपूर्ण मुका राहतो. आणि तो प्रत्येक अंक मोठ्याने उच्चारू लागला, तर शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही पिन कळतो. यावर इयरफोनचा उपाय आहे, पण तसा विचार आराखड्यातच व्हावा लागतो.

यातील काही दोष शोधणारी स्वयंचलित साधने आहेत. नाव नसलेली बटणे, बोटाला न सापडण्याइतकी लहान जागा, अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या रंगांतील अपुरा फरक या गोष्टी ती क्षणात दाखवतात. मात्र बटणाला ‘बटण ३’ असे नाव दिलेले असेल तर साधनाच्या दृष्टीने नाव आहे. ते निरर्थक आहे हे माणसालाच कळते. पडद्याचा वाचनक्रम तर्काला धरून आहे काय, चूक झाल्याची सूचना ऐकू येते काय, हेही यंत्र खात्रीने सांगू शकत नाही. येथे एक बाब नोंदवण्यासारखी आहे. ॲपियमसारखी चाचणीची साधने पडद्यावरील घटक शोधण्यासाठी पुष्कळदा स्क्रीन रीडरसाठी दिलेल्या खुणांचाच उपयोग करतात. म्हणजे अंध वापरकर्त्यासाठी केलेले काम निर्मात्याच्या स्वतःच्या चाचण्याही सोप्या करते. खर्चाची सबब पुढे करणाऱ्यांनी हा हिशेब क्वचितच मांडलेला दिसतो.

चाचणीत योग्य माणूस नसल्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण करोना साथीच्या काळात देशाने पाहिले. १८ ते ४४ वयोगटातील नागरिकांसाठी लसीकरणाची नोंदणी २८ एप्रिल २०२१ रोजी कोविन प्रणालीवर सुरू झाली. आरंभी अनेकांना अडचणी आल्या, तरी त्या एका दिवसात एक कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या. भार पेलण्याच्या दृष्टीने ही कामगिरी सामान्य नव्हती. परंतु या वयोगटाला त्या वेळी केंद्रावर थेट जाऊन लस मिळत नव्हती, आधी ऑनलाइन वेळ घेणे अनिवार्य होते. त्यामुळे ज्याला प्रणाली वापरता येत नाही त्याला लसही नाही, अशी स्थिती होती. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात त्रुटींची नोंद केली. ध्वनिरूप कॅप्चाची सोय नव्हती. वयोगट, लसीचे नाव, सशुल्क की मोफत हे निवडण्याचे पर्याय अंध व्यक्तीला सहज हाताळता येण्याजोगे नव्हते. किती जागा शिल्लक आहेत हे कळत असे, पण त्या पहिल्या मात्रेसाठी आहेत की दुसऱ्या, हे उमगत नसे. कोविन व आरोग्य सेतू यांची अपंगत्वाच्या दृष्टीने तपासणी व्हावी, असे न्यायालयाने म्हटले. यातील प्रत्येक त्रुटी एका अंध परीक्षकाने पहिल्या तासाभरात सांगितली असती. ती सांगण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा वेळ खर्ची पडला.

सुरक्षेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. स्क्रीन रीडरला पडद्यावरील सर्व मजकूर वाचण्याची आणि वापरकर्त्याच्या वतीने कृती करण्याची अनुमती लागते. हीच अनुमती फसवणूक करणारी ॲप्सही मिळवतात आणि तिच्या बळावर पासवर्ड व ओटीपी चोरतात. त्यामुळे काही वित्तीय ॲप्स अशी अनुमती चालू असल्याचे आढळताच काम थांबवतात. बँकेच्या बाजूने पाहता हे सावधगिरीचे पाऊल आहे, परंतु त्यात चोर आणि अंध ग्राहक एकाच मापाने मोजले जातात. विश्वासार्ह स्क्रीन रीडर ओळखून त्याला मुभा देणे तंत्रदृष्ट्या शक्य आहे. मात्र सुरक्षा चाचणी करणारा गट आणि सुगमता पाहणारा गट एकमेकांशी बोलत नसतील, तर सुरक्षेचाच निर्णय अंतिम ठरतो. यूपीआयद्वारे होणारे व्यवहार ऑगस्ट २०२५ मध्ये प्रथमच महिन्याला २,००० कोटींच्या पुढे गेले. अशा काळात पैशाच्या ॲपबाहेर राहणे म्हणजे बाजाराबाहेर राहणेच होय.

भारतीय भाषांमुळे या प्रश्नाला आणखी एक पदर येतो. मजकूर मराठी असल्याची खूण आज्ञावलीत नसेल, तर तो हिंदी अथवा इंग्रजी आवाजात वाचला जाण्याची शक्यता असते आणि मग उच्चार ओळखू येत नाहीत. केवळ इंग्रजी आवृत्तीवर चाचणी करून भाषांतर मागाहून जोडले, तर हा दोष ॲप लोकांच्या हाती जाईपर्यंत उघड होत नाही. कोविनवरही हिंदी व प्रादेशिक भाषांची सोय नोंदणी खुली झाल्यानंतरच आली होती.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर उणीव तरतुदींची नाही. अपंग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मध्येच माहिती व संपर्क साधने सर्वांना वापरता येतील अशी असावीत, असे म्हटले आहे. सरकारी संकेतस्थळे व ॲप्ससाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानकही आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील संबंधित नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायद्याने जे बंधनकारक केले ते नियमाने केवळ शिफारशीच्या पातळीवर आणले, असे त्याचे कारण होते. बंधनकारक मानके तीन महिन्यांत ठरवावीत, असा आदेशही तेव्हा देण्यात आला. २०२५ च्या निकालानंतर भांडवली बाजार नियामक सेबीने ३१ जुलै २०२५ रोजी परिपत्रक काढून आपल्या अखत्यारीतील संस्थांना सुगमतेचे दायित्व सांगितले. जिवंतपणाच्या खातरजमेमुळे विशेष गरजा असलेली व्यक्ती वगळली जाऊ नये, अशी दुरुस्ती रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये केवायसीच्या निर्देशांत केली.

तरीही लेखापरीक्षण आणि चाचणी यांतील फरक प्रशासनाने ध्यानात घेतल्याचे दिसत नाही. लेखापरीक्षण वर्षातून एकदा होते, त्याचा अहवाल येतो, प्रमाणपत्र मिळते. ॲपची नवी आवृत्ती मात्र दोन-तीन आठवड्यांनी येते. प्रमाणित झालेला पडदा पुढच्याच आवृत्तीत बदलला, तर कागदोपत्री ॲप सुगम राहते आणि हातातील ॲप मुके होते. नवी सुविधा आणतानाही अंध व्यक्तींना सहभागी करा, हे न्यायालयाचे शब्द या दृष्टीने नेमके आहेत.

आरंभापासून अंध वापरकर्ता समोर ठेवला तर काय साधते, याचा नमुना देशातच आहे. नोटाबंदीनंतर आलेल्या नव्या नोटा स्पर्शाने ओळखणे कठीण झाल्याने राष्ट्रीय अंध संघाने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. ते प्रकरण चालू असतानाच, १ जानेवारी २०२० रोजी, रिझर्व्ह बँकेने नोट ओळखणारे मनी हे ॲप आणले. ते इंटरनेटविना चालते, घडी घातलेली नोटही ओळखते आणि तिचे मूल्य ध्वनी व कंपनांद्वारे सांगते. नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही, आणि तसा दावाही करत नाही. नोटांची मूळ अडचण त्याने मिटली असे नव्हे. तथापि ॲप म्हणून त्याचा वापरकर्ता कोण, याविषयी निर्मात्यांच्या मनात संदेह नव्हता.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी सुमारे ५० लाख दृष्टिबाधित होत्या. न्यायालयाच्या निर्देशात चाचणीसाठी उल्लेख आहे तो अंध व्यक्तींचा. हात थरथरणारे, ऐकू न येणारे, बौद्धिक अपंगत्व असलेले वापरकर्ते त्यात नाहीत. पापण्यांच्या अटीविरुद्ध न्यायालयात आलेल्या ॲसिड हल्लाग्रस्तांपैकी काहींची दृष्टी शाबूत असू शकते. त्यांची अडचण अंध परीक्षकालाही कदाचित जाणवणार नाही. शिवाय परीक्षक कोणी निवडायचे, त्यांना मानधन द्यायचे काय आणि त्यांनी नकार दिल्यास ॲप रोखले जाईल काय, हे निविदांच्या अटींवर अवलंबून राहील. कंत्राटदाराच्या देयकाचा अखेरचा हप्ता स्वीकृती चाचणीशी जोडण्याची पद्धत सरकारी कामांत रुळलेली आहे. त्या चाचणीच्या पत्रकावर अंध परीक्षकाची स्वाक्षरी अनिवार्य करण्यास नव्या कायद्याची आवश्यकता नाही. निविदा काढणाऱ्या विभागाने एक अट घालणे पुरेसे आहे.