कायद्याचे पंडित आणि किल्लारीचा सुतार

कायद्याच्या कॉलेजांतले अध्यापक हल्लीं फार लिहितात. कोणाचा निबंध परिषदेंत वाचला गेला, कोणाचें पुस्तक निघालें, कोण कोणत्या समितीवर गेला, ह्यांच्या याद्या दरसाल निघतात. विद्येचा आम्हांला राग नाहीं. ज्यांच्या आज्यापणज्यांच्या हातीं पाटी येऊं दिली गेली नाहीं, त्यांनीं विद्येला नांवें ठेवावीं तरी कशीं? पण एक सरळ सवाल आहे. हें सारें वाचतो कोण? एका अध्यापकानें इंग्रजींत लिहावयाचें, दुसऱ्यानें तें चाळावयाचें, बढतीसाठीं त्याचे गुण मांडावयाचे आणि मग बासन बांधून ठेवावयाचें! पूर्वीं पोथी सोवळ्यांत असे. आतां ती इंग्रजींत असते. निजामाच्या अमलांत आमच्या मराठवाड्यांत कचेरीचा कागद उर्दूंत येई आणि कुणबी तो घेऊन वाचणाऱ्याच्या दारीं बसे. निजाम १९४८ सालीं गेला, कुणब्याचें बसणें कांहीं गेलें नाहीं.

किल्लारीची गोष्ट घ्या. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचा गणपती बोळवून माणसें दमून निजलीं होतीं. पहांटे चाराच्या सुमारास धरणी हादरली आणि दगड-मातीच्या जाड भिंती व माळवदें निजलेल्यांच्या अंगावर आलीं. लातूर व उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांत मिळून आठ-दहा हजार माणसें गेलीं. छपराच्या खोपींतला गरीब पुष्कळदां वांचला आणि चिरेबंदी वाड्यांतला गाडला गेला. त्या रात्रीं धरणीनें कोणाचा सातबारा पाहिला नाहीं.

सातबारा नंतर सरकारनें पाहिला. बावन्न गांवें नव्या जागीं वसवावयाचीं ठरलीं. जागतिक बँकेचें कर्ज आलें, आणि घराचें माप ठरलें तें जमिनीच्या मापावर. ज्याला जमीन नाहीं किंवा एक हेक्टरपर्यंत आहे त्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरांच्या वर ज्याची जमीन त्याला ७५०. बंधूंनो, हा हिशेब नीट ध्यानांत घ्या. सुताराला लांकूड रचावयाला जागा लागते, लोहाराला भाता व ऐरण मांडावी लागते, कुंभाराला चाक आणि कच्चीं मडकीं वाळवावयाला सावली लागते. त्यांचें घर हाच त्यांचा कारखाना. पण जमीन नाहीं, म्हणून माप सर्वांत लहान! ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू आणि एक बैलजोडी, तोही त्याच २५० फुटांत. त्यानें बैल कोठें बांधावे आणि कडबा कोठें रचावा? सरकारच्या बाजूनें कोणी म्हणेल कीं मोठ्या शेतकऱ्याचा पसारा मोठा, गोठा मोठा, कणग्या अधिक. म्हणणें अगदींच खोटें नाहीं. पण मग पसारा मोजावयाचा होता. सुताराच्याही घरचा पसारा मोजला असता तर आमची तक्रार नव्हती.

आतां हा प्रश्न कोणाचा? इंजिनियराचा नव्हे. त्याला जेवढें घर बांधावयाला सांगितलें तेवढें त्यानें बांधलें. कायद्यापुढें सर्व समान, असें घटनेच्या चौदाव्या कलमांत लिहिलें आहे. संकट सर्वांवर सारखें आलें असतां मदत दुःखाच्या मापानें द्यावयाची कीं मालमत्तेच्या, हा त्या कलमाचा प्रश्न आहे, म्हणजे कायदा शिकवणाऱ्याचा आहे. आणि तो जुना झाला असें कोणीं समजूं नये. २००५ सालीं आपत्ति व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्याच्या ६१ व्या कलमांत सांगितलें आहे कीं, नुकसानभरपाई व मदत देतांना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म ह्यांवरून भेदभाव करूं नये. फार चांगलें कलम. पण त्या यादींत जमीन नाहीं! उद्यां पुन्हां कोठें धरणी हालली किंवा नदीनें गांव नेलें, तर सातबारा पाहून घर मोजावयाला त्या कलमाची तरी आडकाठी नाहीं. एवढी एक गोष्ट चार पानांत साध्या मराठींत लिहून गांवोगांव पाठवा, पंडितहो. तुमच्या दहा परिषदांहून ती आमच्या अधिक उपयोगाची आहे.

दुसरी एक गंमत सांगतों. गरिबाला फुकट वकील मिळावा म्हणून विधि सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ सालीं झाला. कोणाला वकील मिळावा त्या यादींत पूर, दुष्काळ यांच्या जोडीला चक्क ‘भूकंप’ हा शब्द आहे. पण कायदा अमलांत आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. किल्लारी पडली तेव्हां तो सहा वर्षें कागदावर निजलेला होता. वारसाच्या नोंदी, पोरक्या मुलांची जमीन, विधवेचा हिस्सा, असले सर्व तंटे उपटण्याची वेळ ती हीच.

अध्यापकांना दोष देतांना त्यांची अडचणही सांगितली पाहिजे. पूर्णवेळ पगारी अध्यापकाला कोर्टांत उभें राहून वकिली करतां येत नाहीं. बार कौन्सिलचा तसा नियम आहे. मग त्याच्या हातीं राहते लेखणी. तिनें काय होतें म्हणाल, तर आमच्याच महाराष्ट्रांतली गोष्ट ऐका. १९७२ सालीं चांद्याकडच्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत मथुरा नांवाच्या एका आईबाप नसलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सेशन कोर्टानें दोघां पोलिसांना सोडलें, नागपुरास हायकोर्टानें शिक्षा दिली, आणि १९७८ सालीं सुप्रीम कोर्टानें पुन्हां सोडलें. कां, तर मुलीच्या अंगावर जखमा नाहींत आणि तिनें आरडाओरड केली नाहीं! पोलीस ठाण्याच्या आंत, दाराला कडी असतां, मजूर पोर ओरडून कोणाला हाक मारणार होती? तेव्हां १९७९ च्या सप्टेंबरांत चार कायद्याच्या अध्यापकांनीं सरन्यायाधीशांना उघडें पत्र लिहिलें: दिल्लीचे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार व रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. निकाल फिरला नाहीं. पण देशभर बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ सालीं कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यांतली बाई ‘माझी संमति नव्हती’ असें साक्षींत म्हणाली, तर कोर्टानें तें धरून चालावें, असें ठरलें. चार अध्यापक, एक पत्र! बढतीचे गुण त्याला किती मिळाले असतील कोण जाणे.

त्याहून मागें जा. डॉ. आंबेडकर १९३५ सालीं मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनीं कोंकणची खोती मोडण्याचें बिल मुंबईच्या असेंब्लींत मांडलें आणि १० जानेवारी १९३८ ला हजारों कुळांचा मोर्चा त्या असेंब्लीवर नेला. न्यायशास्त्र शिकवणारा गुरु अर्धउघड्या कुळांच्या पुढें चालला, म्हणून त्या शास्त्राला विटाळ झाला नाहीं.

आज लातुरास कायद्याचें कॉलेज आहे, नांदेडास आहे, औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, २०१७ पासून राष्ट्रीय विधि विद्यापीठ आहे. बार कौन्सिलच्या २००८ सालच्या नियमांत असें आहे कीं प्रत्येक लॉ कॉलेजानें ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखालीं विधि सहाय्य केंद्र चालवावें. म्हणजे आमच्या गांवीं येणें ही त्यांची मेहेरबानी नव्हे, तें त्यांचें काम आहे. तेव्हां वाट पाहूं नका. ग्रामपंचायतीचा ठराव करा, कॉलेजाला पत्र टाका, तालुक्याच्या कोर्टांतल्या विधि सेवा समितीलाही एक प्रत द्या. मुलें आणि त्यांचे गुरुजी आले म्हणजे त्यांना हारतुरे घालून भाषणें करूं देऊं नका. पारावर घोंगडी टाका आणि कागद पुढें ठेवा. सातबारा, फेरफार, नव्या घराचा उतारा, बहिणीचा अंगठा घेतलेलें हक्कसोडपत्र, सर्व आणा. ज्याला समजत नाहीं त्यानें तसें मोठ्यानें म्हणावें. बायांना पुढें बसवा. फुकट वकील मागतांना त्यांना उत्पन्नाची अट नाहीं, हें निम्म्या घरांत ठाऊक नसतें. आणि पहिला सवाल सुतारानें विचारावा: माझा रंधा कोणत्या अडीचशें फुटांत चालवूं?