वचन भिंतीवर, ग्रंथ कपाटात

शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिलेला सुविचार, दिनदर्शिकेच्या पानावरील सुभाषित, निमंत्रणपत्रिकेच्या माथ्यावरील ओवी यांच्या सहवासात महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या कित्येक पिढ्या वाढल्या. आता भ्रमणध्वनीवरील सुप्रभात-संदेशांची त्यात भर पडली आहे. थोरांची वचने इतक्या विपुलतेने घरात पूर्वी कधी येत नव्हती. मात्र या वचनांमागचा ग्रंथ किती घरांत उघडला जातो?

स्वामी विवेकानंदांच्या चित्राखाली सर्वत्र आढळणारे, उठण्याचे आणि जागे होण्याचे आवाहन उदाहरणादाखल घ्यावे. त्याचे मूळ कठोपनिषदात, यमाने नचिकेत्याला केलेल्या उपदेशात आहे. स्वामीजींनी ते निद्रिस्त समाजापुढे ठेवून त्याला नवे तेज दिले. मूळ मंत्रात मात्र जागे झालेल्याने श्रेष्ठांकडे जाऊन ज्ञान मिळवावे, अशी आज्ञा आहे. आणि हा मार्ग वस्तऱ्याच्या धारेसारखा दुर्गम आहे, असा इशाराही त्याच मंत्रात आहे. भिंतीवर आवेश तेवढा उरला. ज्ञानार्जनाची अट आणि मार्गाची खडतरता गळून गेली.

अर्धे वचन हा एक दोष. खोटे वचन हा त्याहून मोठा. कुणा अनामिकाने जुळवलेले वाक्य चाणक्य, विवेकानंद किंवा पु. ल. देशपांडे यांच्या नावे फिरू लागते आणि सुशिक्षितही ते शहानिशा न करता पुढे पाठवतात. यात निरुपद्रवी असे काही नाही. भाषणात असे वाक्य उच्चारणाऱ्याला एखाद्या अभ्यासूने मूळ ग्रंथ विचारला, तर वक्ता निरुत्तर होतोच. शिवाय ज्याच्या नावाचा आधार घेतला त्या महापुरुषाचे खरे विचारही श्रोत्यांच्या नजरेत हलके ठरतात.

समर्थ रामदासांनी हा रोग साडेतीन शतकांपूर्वीच ओळखला होता. याच सह्याद्रीच्या कुशीतील शिवथरघळीत दासबोधाचे लेखन झाले, अशी परंपरा आहे. त्याच्या दुसऱ्या दशकातील दहावा समास पढतमूर्खाची लक्षणे सांगतो. समग्र ग्रंथ न पाहता त्याला दूषण देणाऱ्याची गणना समर्थ पढतमूर्खांत करतात. ग्रंथ न पाहता त्यातले एक वाक्य मिरवणारा त्याच पंक्तीला का बसू नये? दासबोधाचे वीस दशक आणि दोनशे समास आहेत. फलकावर त्यातल्या दोन-चार ओव्याच दिसतात.

संतवचनांविषयीची मराठी मनाची आस्था किती खोल आहे, हे महाबळेश्वरने मार्च २००९मध्ये पाहिले. ८२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, ते अध्यक्षाविना. नियोजित अध्यक्ष आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतील चित्रणाला वारकऱ्यांनी तीव्र आक्षेप घेतला. यादवांनी क्षमा मागितली, कादंबरी मागे घेतली आणि अध्यक्षपदही सोडले. त्या वादाविषयी कोणाचे मत काहीही असो. तुकोबांच्या चरित्रासाठी जो समाज इतका कळवळतो, त्याच्यावर तुकोबांची गाथा वाचण्याचे दायित्वही तितकेच येते. वारकरी ते दायित्व भजन-कीर्तनातून निभावतो. सुमारे साडेचार हजार अभंगांच्या त्या गाथेपैकी शहरी घरातील किती अभंग परिचयाचे आहेत, याचा विचार ज्याने त्याने करावा.

वचनाकडून ग्रंथाकडे नेणारी वाटही याच तालुक्यात आहे. पाचगणीजवळचे, स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. ब्रिटनमधील हे-ऑन-वे या गावावरून ही कल्पना सुचली. पण तेथे पुस्तकांची दुकाने आहेत, तर भिलारच्या ग्रामस्थांनी आपल्या घरांच्या खोल्याच वाचकांसाठी मोकळ्या केल्या. प्रारंभी पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवण्यात आली. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून विनामूल्य वाचावे, अशी ही व्यवस्था. पर्यटक येथे सुविचार टिपून घेण्यासाठी थांबला, तरी पुस्तक त्याच्या हाताशीच असते.

भिलारहून पाचगणीमार्गे पसरणी घाट उतरला की वाई लागते. तेथील प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली धर्मकोशाचे कार्य उभे राहिले. विखुरलेली शास्त्रवचने विषयवार लावून प्रत्येक वचनापुढे त्याचे मूळ स्थान नोंदवायचे, हे त्या कार्याचे व्रत. एका वचनाचा ठावठिकाणा लावण्यासाठी विद्वानांनी आयुष्ये वेचली, त्या भूमीत बिनठिकाण्याची वचने फिरावीत, हे शोभणारे नाही.

शाखेवर अमृतवचन सांगताना प्रथम वक्त्याचे नाव उच्चारण्याची पद्धत आहे. त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडावी: वचन कोणत्या ग्रंथातील आहे, आणि त्याच्या मागे-पुढे काय म्हटले आहे. घरोघरीही रात्रीच्या जेवणानंतर एका समासाचे वा एका अभंगाचे सामूहिक वाचन सहज शक्य आहे. त्याला पंधरा मिनिटे पुरतात. रोज एक समास म्हटला, तर संपूर्ण दासबोध सात महिन्यांच्या आत पूर्ण होतो. ज्या घरातील मुले हे ऐकत मोठी होतील, त्यांच्यापुढे भिंतीवरचे वचन आले की ते कुठले, हे त्यांना कुणाला विचारावे लागणार नाही.