मनीचा दूधभात

सुशिक्षित कुटुंबांतून एक गर्वोक्ति वारंवार कानीं पडते: "आमची मनी पक्की शाकाहारी, दूधभाताशिवाय कशालाही तोंड लावीत नाहीं!" दुसरें कांहीं पुढें येतच नसेल, तर बिचारीनें तोंड लावावें तरी कशाला?

ह्या सोवळेपणाचा भुर्दंड मनी भरते. टॉरीन नांवाचें द्रव्य मांसांत व मासळींत असतें; तांदळांत व डाळींत तें नाहीं, दुधांत अगदींच अल्प. माणसाचें शरीर तें स्वतः घडवितें. मांजराच्या शरीराला तें पुरेसें घडवितां येत नाहीं. त्याच्या अभावीं नेत्रपटल झिजून मांजर आंधळें होतें, हें शास्त्रज्ञांनीं १९७५ सालीं दाखविलें. हृदयाचा स्नायु दुर्बळ होतो, हें १९८७ सालीं. हृदय वेळींच केलेल्या उपायानें पुष्कळदां सुधारतें. गेलेली दृष्टि परत येत नाहीं. शिवाय वाढलेल्या कित्येक मांजरांना दुधांतील साखर पचत नाहीं. त्यांना हगवण लागते, आणि घरचीं माणसें मीठमोहऱ्या ओंवाळून दृष्ट काढतात!

यावर ठरलेलें उत्तर येतें, "आजीची मांजर दूधभातावरच बारा वर्षें जगली." जगली खरी, पण आजी निजल्यावर ती माळ्यावर उंदीर आणि परसांत पाली मारीत होती. चौथ्या मजल्यावर, जाळी लावलेल्या खिडकीआड, आपल्या मनीनें उंदीर कोठून आणावा?

स्वयंपाकघरांत मासळी नको असेल, तर टॉरीन असलेलें मांजराचें तयार खाद्य विकत मिळतें. तेंही विटाळाचें वाटत असेल, तर ससा पाळावा. तो खरोखरीच शाकाहारी आहे.