गाडीचे वय आणि माझे

वयाच्या ५८ व्या वर्षी, २००८ साली, नियमाप्रमाणे शाळेने मला निरोप दिला. फंडाच्या पैशातून मी मारुती ८०० घेतली. सौ.ला दर महिन्याला औंधाहून साताऱ्याला डॉक्टरांकडे न्यावे लागते, ते याच गाडीने. रात्री-अपरात्री आळीत कोणाचे दुखले-खुपले तरी हीच गाडी निघते.

२०२३ मध्ये गाडीला १५ वर्षे झाली. तपासणी झाली, पर्यावरण कर आणि ५ हजार रुपये फी भरली, आणि नोंदणी पुढची पाच वर्षे वाढली. त्याच वर्षी माझे लायसन्सही डॉक्टरांच्या दाखल्यावर पाच वर्षांसाठी मिळाले. म्हणजे आम्हा दोघांनाही सरकारने वय विचारले, पण निर्णय तपासून घेतला. मला हे पटले.

दिल्लीत तसे नाही. तिथे डिझेल गाडीला १० आणि पेट्रोल गाडीला १५ वर्षे झाली की रस्ता बंद, असा हरित लवादाचा आदेश २०१५ चा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही असे ठरले, पण ओरड झाल्यावर काही दिवसांतच ते थांबले. डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने भारत स्टेज ४ आणि त्यापुढच्या गाड्यांना केवळ वयावरून कारवाई होण्यापासून संरक्षण दिले. माझी गाडी त्याआधीची. दिल्लीत असती तर तिला कोणी तपासलेही नसते.

दिल्लीकरांच्या छातीत जाणाऱ्या धुराची मला कल्पना आहे. जुने इंजिन जास्त धूर सोडते हेही खरे. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. त्यामुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. वाईट वाटले, पण दिवसभर गर्दीत धावणाऱ्या गाडीला असा नियम समजू शकतो. आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीला तोच न्याय कसा लावायचा?

शिवाय मुदत जवळ आली की दिल्लीतला मालक गाडी पडेल भावात परराज्यात विकतो. धूर संपत नाही, त्याचा फक्त पत्ता बदलतो. आणि खेड्यात पहिली चारचाकी बहुधा अशी दुसऱ्या-तिसऱ्या हातचीच येते. शोरूमची गाडी ज्याला परवडते त्याला वयोमर्यादेची झळ लागत नाही. तो तिच्या आधीच गाडी बदलतो. झळ लागते ती शेवटच्या मालकाला. आता २० वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी वाढवायला १० हजार रुपये फी झाली आहे. गाडीचीच किंमत तीस-चाळीस हजार असेल, तर त्याने काय करावे?

जन्मतारीख बघून आम्ही मुलाला पहिलीत घ्यायचो, पण पास-नापास परीक्षेवर ठरायचे. गाडीचेही तसेच असावे. धूर मोजा, ब्रेक बघा, पत्रा ठोकून बघा. तपासणी मात्र खरी हवी. शिक्का मारून पुढे ढकलणारी असेल, तर वयाची मर्यादाच बरी म्हणायची वेळ येईल.

२०२८ मध्ये गाडीची आणि माझी परीक्षा पुन्हा एकाच वर्षी आहे. ती नापास झाली तर भंगारात देईन. मी नापास झालो तर किल्ली पुतण्याच्या हातात देईन. तक्रार करणार नाही. पण आधी पेपर तरी तपासा.