चहा आणि आतड्याचा कर्करोग

‘चहा प्यायल्याने आतड्याचा कर्करोग टळतो म्हणे, खरं का?’ हा प्रश्न वाचक मला नेहमी विचारतात. आपल्या भागात घर मराठी असो वा कन्नड, चहा झाल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. शब्दही दोन्हीकडे तोच, चहा! म्हणून आज त्याविषयीच.

हिरवा आणि काळा चहा एकाच झाडाच्या पानांचा. हिरव्यात कॅटेचिन नावाची द्रव्ये भरपूर असतात. पाने मळून हवेत ठेवली की त्यातील बरीचशी बदलून थिआफ्लाविन, थिआरुबिजिन तयार होतात. काळ्या चहाचा तांबूस रंग त्यांचाच. ही द्रव्ये लहान आतड्यात फार थोडी शोषली जातात, उरलेली मोठ्या आतड्यात पोचतात. म्हणून संशोधकांचे लक्ष तिकडे गेले. प्रयोगशाळेत त्यांनी कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावल्याचे दिसलेही.

पण माणसांत तसा निर्वाळा मिळालेला नाही. २०२० साली कोक्रेन संस्थेने हिरव्या चहाविषयीचे अभ्यास एकत्र तपासले. ११ लाखांहून अधिक माणसांची माहिती त्यात होती, तरी कर्करोग टळतो असे ठामपणे सांगता आले नाही.

तेव्हा चहा आवडीने प्यावा, औषध म्हणून नव्हे. उकळता मात्र घशात ओतू नये. ६५ अंशांपेक्षा गरम पेयांमुळे अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये सांगितले. जेवणासोबतही नको, अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, जास्त मात्रेने यकृताला इजा होऊ शकते.

आतड्याची खरी राखण आपल्या ताटातच आहे. ज्वारीची भाकरी म्हणा की जोळद रोट्टी, अंबाडी म्हणा की पुंडी पल्ल्या, त्यातला चोथा मोलाचा. जोडीला रोजचे चालणे हवे, आणि तंबाखू-दारूला रजा.

माझ्या नात्यातले एक काका शौचातून रक्त जात असताना मूळव्याध समजून सहा महिने काढेच घेत राहिले. गाठ निघाली तेव्हा ती पुष्कळ पसरली होती. रक्त जाणे, शौचाची सवय तीन आठवड्यांहून जास्त बदललेली राहणे, कारण नसताना वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर लाजू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही मोकळेपणाने विचारा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. दुर्बिणीच्या तपासणीत सापडलेला कोंब वेळीच काढला, तर पुढचा कर्करोग टळू शकतो.