काटा रुते कुणाला?

पेट्रोलचा काटा बिघडलेली जुनी गाडी चालवणं म्हणजे महिन्याच्या पंचवीस तारखेला एटीएमसमोर उभं राहणं. आत किती उरलंय ते कळत नाही आणि कळून घ्यायची हिंमतही होत नाही!

आमच्या बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचं दिवाळीपासून हेच चाललं होतं. टाकी फुल करा नाहीतर पाच लिटर टाका, काटा आपला 'रिकामी'वर आडवा. ही पद्मिनी म्हणजे कुर्ल्यात बनलेली फियाट. मुंबईतली तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. तेव्हापासून बाबा आमचीला जरा जास्तच जपतात. वहीत किलोमीटर आणि लिटर लिहून ते काम भागवत होते. पण आईने घाटात बसायला साफ नकार दिला आणि एक दिवस बाबाच म्हणाले, "विकून टाकू या का रे?"

एका काट्यापायी? नो वे!

मेकॅनिकचं उत्तर एका वाक्यात होतं, "मीटर बदलून टाका." पण बॉस, जुन्या गाडीचा ओरिजिनल मीटर मिळवणं म्हणजे लग्नसराईत हॉल मिळवणं. आणि बहुतेक वेळा बिचाऱ्या मीटरचा दोष नसतोच.

फंडा सोपा आहे. टाकीत एक फ्लोट तरंगतो. पेट्रोलबरोबर तो वर-खाली होतो आणि त्याच्या दांडीमुळे एका तारेच्या गुंडाळीचा रेझिस्टन्स बदलतो. तो बदल एका वायरवरून डॅशबोर्डपर्यंत जातो आणि काटा हलतो. म्हणजे संशयित चार: फ्लोट युनिट, वायर, मीटर आणि टाकीचं अर्थिंग.

आता तपास. आधी फ्यूज बघा. मग चावी बंद ठेवून टाकीवरच्या युनिटची वायर काढा आणि एका जादा वायरने ती बॉडीच्या कोऱ्या पत्र्याला जोडा. जोडून झाल्यावरच चावी फिरवा, म्हणजे टाकीजवळ ठिणगी उडणार नाही. काटा एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि वायर दोघंही निर्दोष! (कुठल्या गाडीत 'फुल'कडे जातो, कुठल्या गाडीत 'रिकामी'कडे. चार-पाच सेकंद पुरे, लगेच चावी बंद.) काटा ढिम्म राहिला, तर मीटरच्या मागे करंट येतोय का ते बघा आणि वायर कुठे तुटलीय ते शोधा.

आमचा काटा झोकात 'फुल'वर गेला. म्हणजे घोळ मागेच होता. मग युनिट आणि बॉडी यांच्यामध्ये एक वेगळी वायर लावून बघितली, तर काटा चक्क अर्ध्यावर! टाकीचं अर्थिंग गंजलं होतं. पॉलिश पेपर, थोडी घासाघास आणि एक नवा स्क्रू. खर्च दोन कटिंगपेक्षा कमी. 'विकू या'चा विषय बाबांनी परत काढलेला नाही.

अर्थिंग ठीक असेल, तर मात्र युनिट बाहेर काढावं लागतं. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल डुचमळलं, तर तो फुटून बुडालाय. दांडी हलवताना रेझिस्टन्स मधेच उड्या मारत असेल, तर गुंडाळी झिजलीय. पण हे काम उघड्यावर, बॅटरी काढून आणि सिगारेटवाल्या मित्राला कोपऱ्यावर पाठवूनच करायचं. पेट्रोलपेक्षा त्याची वाफ जास्त डेंजर. हात बसला नसेल, तर मेकॅनिकलाच करू द्या, आपण फक्त शेजारी उभं राहायचं.

आणि इंजिनच्या तापमानाचा काटाही त्याच दिवशी वेडा झाला असेल, तर दोघांचा कॉमन सप्लाय तपासा. दोन पार्ट एकाच दिवशी क्वचितच मरतात.

थोडक्यात काय, तर आधी पाच मिनिटांची टेस्ट, मग पाकीट. येत्या रविवारी मॉलऐवजी पार्किंगमध्ये जा. आणि वही मात्र चालू ठेवा, कारण दुरुस्त झालेला काटाही वळणावर थोडा थापा मारतोच!