गॅरेजमधल्या एकट्या प्रतिभावंताची दंतकथा : किट कारच्या इतिहासाकडे नीट पाहू या

१/ मोटारींच्या इतिहासातली एक कथा आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेली असते. एक तरुण, एक पडकी शेड, हातात पाना, खिशात दमडी नाही. आणि काही वर्षांत त्याची कंपनी जगप्रसिद्ध. कथा गोड आहे. इतिहास म्हणून मात्र ती अर्धीच खरी आहे, आणि तिने गाळलेल्या अर्ध्या भागाची किंमत आपण आजही मोजत आहोत. हा धागा त्या गाळलेल्या भागाविषयी.

२/ आधी संज्ञा स्पष्ट करू. किट कार म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घरी जोडलेली मोटार. सांगाडा आणि बाहेरचे कवच संचातून येते. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल हे बहुधा एखाद्या जुन्या मोटारीतून काढले जातात. संचही विकत न घेता सारेच स्वतः घडवले, तर त्या मोटारीला ‘स्पेशल’ म्हणत. या हौशी कारागिरीने सर्वांत खोल मूळ धरले ते ब्रिटनमध्ये.

३/ तिथला कथानायक ठरलेला आहे : कॉलिन चॅपमन. १९४८ मध्ये त्याने मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजमध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली मोटार उभी केली. १९५२ मध्ये लोटस कंपनी निघाली. १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ आली, जी घरी जोडण्याच्या संचाच्या रूपात मिळत असे. १९६३ मध्ये लोटसने फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद मिळवले. गॅरेज ते विश्वविजेतेपद, अवघी पंधरा वर्षे!

४/ चॅपमनच्या बुद्धीविषयी वाद नाही. वाद आहे तो कथेने उरलेल्या साऱ्यांना पडद्याआड ढकलण्याविषयी. तीच बुद्धी घेऊन तो दुसऱ्या देशात, दुसऱ्या कायद्याखाली जन्मला असता तर काय झाले असते? या प्रश्नाचे उत्तर हवे असेल तर चॅपमनच्या डोक्यात डोकावून भागणार नाही. त्याच्या गॅरेजभोवतीचा देश पाहावा लागेल. तिथे निदान पाच गोष्टी आढळतात.

५/ पहिली, स्वस्त कच्चा माल. ऑस्टिन सेव्हन १९२२ पासून १९३९ पर्यंत बनत राहिली. सुमारे २ लाख ९० हजार गाड्या तयार झाल्या. तिचा सांगाडा वेगळा होता. कवच उचलून बाजूला ठेवले की चाके, इंजिन आणि सुकाणू असलेली चालती मोटार शिल्लक राही. युद्धानंतर अशा जुन्या गाड्या विद्यार्थ्याच्या खिशालाही परवडत. हौशी माणसाला पहिला धडा गिरवायला पाटी फुकटाच्या भावात मिळाली.

६/ दुसरी, संस्था. ऑस्टिन सेव्हनच्या चाहत्यांनी १९३९ मध्ये ‘७५० मोटर क्लब’ स्थापन केला. नाव आले ते तिच्या ७४७ घन सेंटिमीटरच्या इंजिनावरून. युद्धानंतर या क्लबने कमी खर्चाच्या शर्यतींचे नियम बांधून दिले. एकाने शोधलेली युक्ती दुसऱ्याला कळू लागली आणि पुढच्या शर्यतीत तिसऱ्याने तिच्यावर मात केली. चॅपमन याच वर्तुळात घडला. त्याची तिसरी मोटार तर ॲलन बंधूंच्या सुसज्ज गॅरेजमध्ये, त्यांच्या मदतीने तयार झाली. मग ‘एकटा’ कोण होता?

७/ तिसरी गोष्ट सर्वांत नीरस, म्हणूनच कथेतून सर्वांत आधी गळते : कर. ब्रिटनमध्ये १९४० साली खरेदी कर आला. १९५७ मध्ये मोटारीवर तो घाऊक किमतीच्या ६० टक्के होता. तयार मोटारीवर हा कर लागे. घरी जोडायच्या सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. लोटस सेव्हन सुट्या भागांत विकली गेली त्यामागे स्वावलंबनाचे तत्त्वज्ञान होते, असे आज कोणी सांगेल. त्यामागे प्रामुख्याने हिशेब होता.

८/ याच कराचा एक किस्सा रसिक आजही रंगवून सांगतात. करमाफी हवी तर संचासोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत. तेव्हा लोटसने म्हणे मोटार ‘सुटी कशी करावी’ याच्या सूचना दिल्या. ग्राहकाने त्या शेवटून आरंभाकडे वाचायच्या! किस्सा हसवतो, पण त्यात एक गंभीर सत्य आहे. कायद्याने इथे एक फट ठेवली होती, आणि त्या फटीतून एक अख्खी परंपरा आत आली.

९/ चौथी, भंगार. १९६० मध्ये ब्रिटनने दहा वर्षांहून जुन्या मोटारींची तपासणी सक्तीची केली. पुढे ही वयोमर्यादा खाली आणली गेली. ज्यांचे पत्रे गंजले पण इंजिन धडधाकट होते, अशा गाड्या आता स्वस्तात मिळू लागल्या. दरम्यान १९५० च्या दशकात फायबरग्लास आले. पत्रा ठोकण्याचे कसब आणि महागडी यंत्रे नसतानाही साच्यातून कवच काढता येऊ लागले. लहान कारखाने जुन्या फोर्डच्या सांगाड्यांवर बसतील अशी कवचे विकू लागले. सुरक्षेचा कायदा आणि हौसेचा बाजार यांची अशी अनपेक्षित गाठ पडली.

१०/ पाचवी, शिकलेले हात. महायुद्धाने असंख्य सामान्य माणसांना लेथ, वेल्डिंग, इंजिनदुरुस्ती शिकवली होती. युद्ध संपले, हात शिल्लक राहिले. स्वतः चॅपमनही काही अडाणी चमत्कार नव्हता; तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकला होता. कमी वजनात अधिक बळकटी कशी साधायची हे तो वर्गात शिकला आणि गॅरेजमध्ये त्याने ते पडताळून पाहिले.

११/ हे सारे योगायोग म्हणून उडवून लावायचे असेल तर १९७३ साल पाहा. त्या वर्षीच्या १ एप्रिलला खरेदी कर गेला, मूल्यवर्धित कर आला आणि तो संचांनाही लागू झाला. फट बुजली. त्याच वर्षी लोटस सेव्हनचे हक्क लोटसकडून केटरहॅम या विक्रेत्याकडे गेले. प्रतिभावंत तोच होता, रेखाचित्रेही तीच होती; करपद्धती बदलली तशी मोठ्या कंपनीची वाटही बदलली.

१२/ आणि तरीही घरगुती मोटार मेली नाही! केटरहॅम आजही हीच मोटार संचात विकते. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या शिक्षकाने केवळ २५० पौंडांत स्पोर्ट्स कार घरी कशी बांधावी, याचे पुस्तक लिहिले. लोखंडी चौकोनी नळ्या, एक जुनी फोर्ड एस्कॉर्ट आणि चिकाटी, एवढीच सामग्री. त्या पुस्तकावरून जगभर मोटारी बांधल्या गेल्या. सवलत संपल्यावरही परंपरा टिकली, कारण क्लब, कसब आणि लिखित ज्ञान तोवर रुजले होते.

१३/ इथे एक रास्त आक्षेप येतो. हौशी माणसाने घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आली आणि ऐन वेळी तिचे ब्रेक लागले नाहीत तर? समोरून येणाऱ्या निरपराध माणसाचा काय दोष? हा आक्षेप हसण्यावारी नेणारा कोणीही माझा मित्र नव्हे. हौस कितीही थोर असो, ती दुसऱ्याच्या जिवापेक्षा मोठी नाही.

१४/ पण ब्रिटनने या आक्षेपाला काय उत्तर दिले ते पाहा. बंदी घातली नाही. १९९८ पासून घरी बांधलेल्या एकेका मोटारीची स्वतंत्र तपासणी सक्तीची केली. २००९ पासून तिची जागा अधिक कडक तपासणीने घेतली. ब्रेक, दिवे, सीटबेल्ट जिथे अडकवतात ते बिंदू, बाहेर आलेल्या टोकदार कडा, धूर, सारे तपासले जाते. उत्तीर्ण झालात तर नोंदणी. नापास झालात तर दोषांची यादी घेऊन घरी जा, दुरुस्त करा, पुन्हा या. ज्या गाडीच्या भागांचे वय ठरवता येत नाही, तिला ‘क्यू’ अक्षराची वेगळी पाटी मिळते. संशयालाही एक नोंदणी क्रमांक देणारी ही व्यवस्था आहे!

१५/ आता आपल्याकडे वळू. १९४० च्या दशकाच्या अखेरीस इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतः घडवायला घेतली. अनेक वर्षे ते तिचे सुधारित नमुने करत राहिले. पण तो परवाना-राजचा काळ होता. उत्पादनाची वाट त्यांना कधीच मोकळी झाली नाही. चॅपमनच्या समकालीन असलेल्या या माणसाचे नाव आज किती इतिहासप्रेमींना ठाऊक आहे?

१६/ फार मागे जायचे नसेल तर २०२१ आठवा. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी छोटी चारचाकी बनवली. चित्रफीत देशभर फिरली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केले आणि त्याच वेळी सांगितले, की ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी ती आज ना उद्या थांबवतील. तेव्हा तिच्या बदल्यात बोलेरो घ्यावी. पुढे तसा बदलही झाला. देणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा निर्विवाद. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचार करावा. घडवणाऱ्याला बक्षीस मिळाले, ते काय? कारखान्यात बनलेली मोटार.

१७/ कायद्याची बाजू अशी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अधिकच ठळक केले. नव्या वाहनाच्या नमुन्याची चाचणी होते, पण त्या नियमांची सारी रचना उत्पादक कंपनीला समोर ठेवून झाली आहे. एकच मोटार बांधणाऱ्या हौशी माणसासाठी, त्याला परवडेल अशी स्वतंत्र तपासणी आपण उभी केलेली नाही.

१८/ विद्यार्थ्यांचे तेच. २००७ पासून ‘बाहा’ स्पर्धेसाठी देशभरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी सांगाड्यापासून बग्गी बांधतात. वेल्डिंगच्या ठिणग्यांत रात्री जागवतात. स्पर्धा संपते आणि गाडी महाविद्यालयाच्या शेडमध्ये जाऊन बसते. म्हणजे हात आहेत, बुद्धी आहे, भंगार तर उदंड आहे. नाही ते केवळ दार.

१९/ या अभावावर आपण दोन शब्दांचे पांघरूण घालतो : ‘जुगाड’ आणि ‘प्रतिभावंत’. जुगाड म्हटले की काम हलके ठरते, त्याला नियम देण्याची गरज उरत नाही. प्रतिभावंत म्हटले की काम दैवी ठरते, त्याला व्यवस्था देण्याची गरज उरत नाही. दोन्ही शब्दांनी जबाबदारी झटकली जाते. टाळ्या वाजवणे फुकट असते. तपासणी केंद्र उभारायला पैसा आणि इच्छा लागते.

२०/ आपले रस्ते ब्रिटनसारखे नाहीत, अपघात अधिक आहेत, हे खरे. म्हणूनच तपासणी त्यांच्याहून कडक असावी, वेगावर मर्यादा असावी, विमा सक्तीचा असावी तितकाच काटेकोर असावा. पुण्याच्या टेकडीवर १९६६ पासून मोटारींची चाचणी घेणारी ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ उभी आहे. त्यामुळे तज्ज्ञता नाही असे म्हणता येत नाही. चोरून चालणाऱ्या, कोणीही न तपासलेल्या गाडीपेक्षा तपासून क्रमांक दिलेली गाडी नक्कीच अधिक सुरक्षित.

२१/ मित्रांनो, यापुढे कोणी ‘गॅरेजमधून निघालेल्या कंपनी’ची कथा सांगितली, तर टाळी वाजवण्याआधी चार प्रश्न विचारा. सामान कुठून आले? कोणाच्या संगतीने शिकला? कर कोणता होता? आणि गाडी रस्त्यावर आणायला क्रमांक कोणी दिला? या चार प्रश्नांची उत्तरे ज्या कथेत नाहीत, ती दंतकथा समजा. देवराष्ट्र्यासारख्या गावात आजही कोणीतरी भंगारातून चाक निवडत असेल. त्याला आपल्या कौतुकाची चित्रफीत नको आहे. त्याला नंबर प्लेट हवी आहे.

धागा समाप्त.